त्या दिवशी मी पूर्वेला असेन

मसिरा बेट, १४ एप्रिल

ताई,
सप्रेम

पुढची जागा मुद्दाम कोरी ठेवली आहे. आपल्या घरच्या पत्रात तिथे 'जय भीम' असतं, हे तूच मला शिकवलंस. पण हा कागद पातळ आहे. पाकीट उजेडात धरलं की वरची ओळ बाहेरून वाचता येते, मी धरून पाहिलं. झुबेर, म्हणजे आमचा भाजीचा ड्रायव्हर, हे पाकीट अल् घुब्राला तुमच्या बिल्डिंगच्या वॉचमनकडे देईल, आणि त्या जिन्यात तुझ्या ओळखीचे लोक असतात. आतल्या घडीतलं काही दिसत नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

आज सकाळी मी निळा शर्ट घातला. ताबिशने, आमच्या स्वयंपाक्याने, विचारलं, आज किसकी शादी है. मी म्हणालो, बड्डे है. कोणाचा ते त्याने विचारलं नाही, पण नाश्त्याला शिरा केला.

पत्राचं कारण असं. तुझा फोन मला लागत नाही. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ईदच्या सुट्टीसाठी आमच्या कॅम्पात मस्कतच्या मराठी मंडळींचं बुकिंग आलं आहे, आणि त्यात रुचिर सर आणि श्यामला वहिनींच्या खाली दाजींचं, तुझं आणि उत्तराचं नाव आहे. तुला ठाऊक नसेल की हा तोच कॅम्प आहे. दाजींना ठाऊक असणार, त्यांनीच अर्बाबला, म्हणजे कॅम्पच्या मालकाला, सांगून मला इथे लावलं. मॅनेजर झैन म्हणाला, तुझ्या भाषेची माणसं आहेत, कोणाला कुठला किनारा दाखवायचा ते तूच ठरव. आपलं नातं त्याला माहीत नाही. इथे कोणालाच माहीत नाही. अर्बाबला आहे, पण ईदला तो सलालाला जातो.

म्हणून आधीच कळवतो की काळजी करू नकोस. तुला काही करावं लागणार नाही. मी तुला मॅडम म्हणेन आणि दाजींना सर. श्यामला वहिनींनाही मॅडम म्हणेन. उत्तराने ओळखलं तरी ती अनुप अंकलच म्हणेल. घरात मामा आणि पाहुण्यांसमोर अंकल, हे तिला मी तुमच्याकडे राहत होतो तेव्हाच पक्कं जमत होतं, एकदाही चुकली नाही. मी आजपासून सराव सुरू केला आहे.

मंडळींसाठी मी पश्चिमेचा किनारा काढला आहे. तिकडे समुद्राला आवाज नाही. ओहोटीला पाणी इतकं लांब जातं की इथे समुद्र होता असं सांगूनही खरं वाटत नाही, आणि मागे राहिलेल्या चिखलात रोहित पक्षी माना खाली घालून चरतात. मुलांना पाणी गुडघ्याच्या वर लागत नाही. सूर्य तिकडेच बुडतो, त्यामुळे फोटो छान येतात. धोका एकच. पाण्याच्या अलीकडे मिठाची पांढरी जमीन आहे, तिला इथे सबखा म्हणतात. वरून फरशीसारखी टणक, खाली लापशी. माणूस चालून जातो, गाडी रुतते. तिथे मी चुना लावलेले दगड मांडून ठेवीन.

तब्येतीची काळजी घे.

अनुप


मसिरा, १ मे

ताई,
सप्रेम

पहिलं पत्र वॉचमनच्या हातात दिलं असं झुबेर शपथेवर सांगतो. मी त्याला वॉचमनच्या मिशीबद्दल विचारलं, त्याने बरोबर सांगितली, म्हणजे दिलं असावं.

आज बुद्ध पौर्णिमा. सकाळी काळ्या किनाऱ्यावर जाऊन वंदना म्हटली. मोठ्याने म्हटली, कारण तिथे ऐकायला कोणी नसतं. हा किनारा तू पाहावास असं मला वाटतं. तिथे वाळू फार थोडी. काळेहिरवे गोल दगड एकावर एक रचल्यासारखे आहेत, आपल्याकडे पाहुणे येणार म्हणून आई उशा आणि गोधड्या काढून रचायची तसे. दगडांचा अभ्यास करणारे एक जर्मन पाहुणे आले होते, ते म्हणाले, हे बेट म्हणजे समुद्राचा तळ वर आलेला आहे. तळाला फट पडून आग बाहेर आली. पाणी लागताच वरचा भाग थिजला, आत मात्र ती बराच वेळ गरमच होती आणि पुढे ढकलत राहिली, म्हणून हे गोळे झाले. मी दगडावर हात ठेवून पाहिला. उन्हाने तापला होता, त्यावरून काही कळलं नाही.

वंदना म्हणताना तुझ्या हॉलमधली मूर्ती आठवली. बुद्धाची मूर्ती हल्ली सगळ्यांच्याच हॉलमध्ये असते, तिच्यावरून कोणाला काही समजत नाही. बाबासाहेबांचा फोटो तू बेडरूमच्या कपाटाच्या दाराला आतून लावला होतास. रोज सकाळी कपडे काढताना हात जोडायचीस, ते मी पाहिलेलं आहे. तू कोणाशी खोटं बोललीस असं मी कधीच म्हणणार नाही. कोणी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस.

त्या दिवसाचंही लिहून टाकतो, कारण आपण त्यावर एकदाही बोललो नाही. बेल वाजली. तू आंघोळीला होतीस. मी कणीक भिजवत होतो, तसाच जाऊन कोपराने कडी काढली. दारात श्यामला वहिनी होत्या. हात भरलेले होते, नमस्कार करता आला नाही, आणि आपल्याकडे दारात आलेल्याला जे म्हणतात तेच तोंडातून गेलं. 'जय भीम, वहिनी. या ना.' त्या म्हणाल्या, 'अं?' मग हसल्या आणि 'अच्छा, अच्छा' म्हणाल्या. बसल्या, चहा घेतला. कप अर्धा राहिला. गरम असेल.

त्यानंतरही त्या येत राहिल्या, बोलत राहिल्या, हे खरं आहे. फक्त गणपतीत दर वर्षी तू मोदकांना असायचीस, त्या वर्षी तुला डेकोरेशनला टाकलं. तू घरी येऊन म्हणालीस, यंदा मला कागदी फुलांचं दिलंय. दाजी म्हणाले, बरं झालं, वाफेत उभं राहायला नको. आणि तू माझ्याकडे बघितलंस. तेवढंच. पुढच्या महिन्यात दाजींनी मला सांगितलं की मसिराला एक जागा आहे, समुद्रकिनारी आहे, हवा चांगली आहे.

हवा खरंच चांगली आहे.

दक्षिणेला एक शंखांचा किनारा आहे, तो उत्तराला आवडेल. पायाखाली पापड मोडल्यासारखा आवाज येतो. आणि पूर्वेचा किनारा आहे, तो माझा. म्हणजे काम तिथे आहे. तिकडचा समुद्र मोठा, उघडा, लाटा उंच, पोहायची बंदी. कासवं तिकडेच वर येऊन अंडी घालतात. पाहुणे नको सांगितलं तरी वाळूवर गाड्या घालतात आणि चाकोऱ्या पडतात. पिल्लं अंड्यातून निघाली की समुद्राकडे धावतात, पण वाटेत चाकोरी लागली की त्यात पडतात. मग त्यांना वर चढता येत नाही. ती चाकोरीतूनच सरळ चालत राहतात, आणि ऊन वर येतं. म्हणून रोज सकाळी मी दाताळं घेऊन सगळ्या चाकोऱ्या मोडून वाळू सारखी करतो. पिल्लं जुलैत निघतील, पण झैन म्हणतो काम वर्षभर चालू ठेव.

तुला सकाळी एकटीला फिरायला यावंसं वाटलं तर पूर्वेला कोणी नसतं. यायलाच हवं असं नाही.

अनुप


मसिरा, १८ मे

ताई,
सप्रेम

तुझी चिठ्ठी झुबेरने आणून दिली. उत्तराच्या वहीचा कागद आहे, मी ओळखला. तू लिहिलं आहेस, 'पत्रं मिळाली. पश्चिमेचा किनारा बरा वाटतो. तू त्या दिवशी कुठे असशील?'

मी ती पुष्कळदा वाचली. शेवटचं वाक्य दोन तऱ्हांनी वाचता येतं. मी कुठे असेन ते कळलं तर तुला तिकडे येता येईल, किंवा तिकडे यायचं टाळता येईल. खाली सही नाही, म्हणून कोणत्या तऱ्हेने विचारलंस ते समजलं नाही. विचार करून असं ठरवलं की दोन्हींना उत्तर एकच आहे. त्या दिवशी मी पूर्वेला असेन. मंडळी पश्चिमेला असतील. झुबेर त्यांच्याबरोबर राहील, मी सकाळपासून दाताळं घेऊन पूर्वेलाच थांबेन. यायचं असेल तर ये. टाळायचं असेल तर मी दिसणार नाही.

सराव चांगला चालला आहे. ताबिश मदत करतो. तो हात पुसायचा टॉवेल डोक्यावरून घेऊन खुर्चीत बसतो आणि म्हणतो, "ए लड़के, पानी ठंडा नहीं है." मी म्हणतो, सॉरी मॅडम. मग तो म्हणतो, "हम जा रहे हैं." मी म्हणतो, थँक यू मॅडम, प्लीज व्हिजिट अगेन. परवा त्याने टॉवेल काढून ठेवला आणि विचारलं, "तू इतना झुकता क्यूँ है? मैडम ही तो है, गवर्नर थोड़ी है." मी म्हणालो, गेस्ट है. तो म्हणाला, "गेस्ट तो रोज आते हैं, तेरे कान रोज लाल नहीं होते."

आता पाठ झालं आहे. झोपेतून उठवलंस तरी चुकणार नाही.

अनुप


मसिरा, २८ मे, दुपार

ताई,

हे पत्र झुबेरकडे देता येणार नाही, कारण तू इथेच आहेस. तुमची सगळ्यांची जेवणं झाली, तंबूंचे पडदे खाली आहेत, आणि मी स्वयंपाकघराच्या मागे पिंपावर कागद ठेवून लिहितो आहे. तुझ्या तंबूबाहेर वाळत घातलेली उत्तराची सलवार इथून दिसते. चिखल सगळा निघालेला नाही.

ठरल्याप्रमाणे मी पूर्वेला होतो. सकाळी तू आली नाहीस, ते बरोबरच होतं, मंडळी नाश्त्याला एकत्र बसली होती. मग झुबेरचा फोन आला की गाडी रुतली आहे, चटया घेऊन ये, भरती सुरू झाली आहे. कोणाची गाडी ते त्याने सांगितलं नाही. मला वाटलं रुचिर सरांची असेल.

वाटेत दगड जागेवर दिसले. सगळ्या गाड्या दगडांच्या अलीकडे उभ्या होत्या आणि एकटी दाजींची पलीकडे, एका अंगावर कलून. नंतर झुबेरने सांगितलं ते असं. रुचिर सरांना गाडी आणि मागे रोहित पक्षी असा फोटो हवा होता. ते म्हणाले, "लोकेश, तुझी फोर बाय फोर आहे ना, घे की पुढे. आम्ही काय, साध्या गाड्यांवाले." दाजींनी दगडांकडे बघितलं, झुबेरने हाताने नको म्हणून सांगितलं, तेही बघितलं. पण सगळे मोबाईल काढून उभे होते. दाजी हसले आणि त्यांनी गाडी घातली. मला यात दाजींची चूक वाटत नाही. तेवढ्या माणसांसमोर नाही म्हणायचं त्यांना कधी जमलेलं नाही.

मी चटया टाकल्या, झुबेरने पिकअपला दोर बांधला. पाणी चाकांपाशी आलं होतं. तू आणि उत्तरा आतच होता. मी दार उघडून म्हणालो, मॅडम, उतरा, चपला हातात घ्या. आवाज ठीक निघाला असावा. तू उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवलास. आधाराला दुसरं काही नव्हतं, हे मला समजतं.

श्यामला मॅडम दगडांपाशी उभ्या होत्या. त्या चांगल्या आवाजात म्हणाल्या, टोमणा नव्हता, "अगं रचना, हा तुमच्याकडे होता तोच मुलगा ना? गावाकडचा?"

तू म्हणालीस, "हो, तोच."

मग मी उत्तराला उचलून कोरड्यावर आणलं. ती जड झाली आहे. तिला खाली ठेवल्यावर तिने सगळ्यांसमोर, तिला शाळेत शिकवतात तसं स्पष्ट म्हटलं, "थँक यू, अनुप अंकल." रुचिर सर म्हणाले, किती छान मॅनर्स आहेत. तू तिच्याकडे बघत राहिलीस. गाडी निघाली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तरी तू तिच्याकडेच बघत होतीस.

'हो, तोच' हे बरोबर उत्तर आहे. मी गावाकडचा आहे आणि तुमच्याकडे होतो. त्यात खोटं एकही अक्षर नाही. मीही तुला मॅडमच म्हणालो, म्हणजे आपण दोघंही ठरल्याप्रमाणे वागलो. एवढंच कळवायचं होतं.

पिंप कलतं आहे, अक्षर बिघडतं. थांबतो.


मसिरा, १६ जुलै

ताई,

दोन पत्रं एकाच पाकिटात घालतो आहे. त्यातलं एक मे महिन्यातलं आहे, ते तेव्हा देता आलं नाही. त्यानंतर झुबेर त्याच्या घरी, कानपूरला, सुट्टीवर गेला, आणि बदली ड्रायव्हरच्या हाती द्यायला मन झालं नाही. हे मात्र मी सबब म्हणून सांगतो आहे. खरं म्हणजे मी लिहीत होतो आणि फाडत होतो.

फेरीबोटीच्या रांगेचं लिहायचं आहे.

तुम्ही परत निघालात त्या दिवशी हिल्फच्या धक्क्यावर तुमच्या गाड्या एकामागे एक उभ्या होत्या आणि मी प्रत्येक गाडीत पाण्याचा खोका आणि ताबिशचे पराठे देत होतो. रुचिर सरांना दिले, ते म्हणाले, मस्त ठेवलं तुम्ही सगळ्यांनी. श्यामला मॅडमची काच खाली होती. पुढे तुमची गाडी. मी दाजींच्या हातात पिशवी दिली आणि मागे सरलो, तेव्हा पलीकडचं दार उघडलं आणि तू खाली उतरलीस.

वारा होता. तू ओढणी एका हाताने धरली होतीस. गाडीला वळसा घालून माझ्यासमोर आलीस. पुढची रांग हलली होती, मागून कोणीतरी हॉर्न दिला, तरी दाजींनी गाडी पुढे घेतली नाही. त्यांनी इंजिन बंद केलं. स्टिअरिंगवर हात ठेवून ते समोर बघत बसले. आणि तू मोठ्याने, त्या वाऱ्यात मागच्या गाडीपर्यंत जाईल एवढ्या मोठ्याने म्हणालीस, "येते रे, अन्या. आईला फोन करत जा. जय भीम."

आणि मी म्हणालो, "थँक यू, मॅडम. प्लीज व्हिजिट अगेन."

ताई, ते मी म्हटलं नाही, ते निघालं. दीड महिना मी तेच घोटत होतो. कोणी गाडीत बसायला लागलं की तेच वाक्य, असं ठरलेलं होतं. तू काय म्हणालीस ते माझ्या कानात गेलं होतं, पण अजून आत पोचलं नव्हतं, आणि जीभ आधी निघून गेली. मानही खाली घातली. वर बघितलं तेव्हा तू थोडी हसत होतीस असं मला वाटलं. मग वाटलं, हसत नव्हतीस. मग तू गाडीत बसलीस. फेरीचा दरवाजा बंद झाला तेव्हा माझ्या तोंडात बरोबर उत्तर आलं. मी ते म्हटलंही. धक्क्यावरच्या माणसाला वाटलं मी त्याला हाक मारली.

तुला वाटलं असेल की मी वचपा काढला. किंवा तुला सगळ्यांसमोर परकं केलं, तू मला केलं होतंस तसं. हे शेवटचं वाक्य खोडणार होतो, पण तू शिकवलं आहेस की खाडाखोड केलेलं पत्र पाठवायचं नसतं, म्हणून राहू देतो. वचपा नव्हता. तू आलीस, रांगेत उतरलीस, श्यामला वहिनींची काच खाली होती हे तुला दिसत होतं. ते मी रोज आठवतो. वाळू सारखी करताना तर जास्तच, कारण त्या कामात डोकं लागत नाही.

आता इथे खरीफचा, म्हणजे इकडच्या मान्सूनचा, वारा सुटला आहे. तंबूंचे दोर दिवसातून दोनदा ताणावे लागतात. कुटुंबं येत नाहीत, फक्त पतंगाला लटकून पाण्यावर पळणारे गोरे लोक येतात. पश्चिमेचा किनारासुद्धा सपाट राहिलेला नाही. शंखांच्या किनाऱ्यावर वाळू चढली आहे, पापडाचा आवाज येत नाही. काळ्या किनाऱ्यावर लाटा त्या गोळ्यांवर आपटतात आणि ते आहेत तसेच आहेत.

आज सकाळी पूर्वेला पिल्लं निघाली. तुम्ही होता त्या दिवसांत एक मोठं कासव वर आलं होतं, ते घरटं असावं. मी आदल्या संध्याकाळीच तिथली वाळू सारखी केली होती. ती बशीएवढीही नसतात, ताई. लाट येते, त्यांना उलटं मागे आणून टाकते, आणि ती पुन्हा त्याच दिशेने निघतात. एक तर तीनदा परत आलं. मी हात लावला नाही, लावायचा नसतो. चौथ्या वेळी ते परत आलं नाही, म्हणजे गेलं. निदान मी तसं धरलं.

मग ठरवलं की आज पत्र पुरं करायचंच.

झुबेर परत आला आहे आणि आत्ता माझ्यासमोर गाडी चालू ठेवून उभा आहे. पाकीट मी आधीच तयार करून ठेवलं होतं. ते त्याने उचललं आणि वाचलं. या वेळी कोरी जागा सोडलेली नाही. पाकिटावरच, तुझ्या नावाच्या वर, मधोमध लिहिलं आहे, जाड पेनाने. उजेडात धरायची गरज नाही. वॉचमन वाचेल, जिन्यातून जाणारेही वाचतील. तू फेरीवर केलंस तेवढंच मी केलं आहे, जास्त नाही. तरी चालणार नसेल तर झुबेरला सांग, पुढच्या वेळी आत लिहीन.

झुबेर विचारतो आहे, "इतने महीने से चिट्ठी ढो रहा हूँ, ये मैडम तेरी लगती कौन है?"

मी सांगितलं, "बहन है. सगी."

तो म्हणतो, "खलास? इतनी सी बात?" आणि हॉर्न वाजवतो आहे.

तू विचारलं होतंस मी कुठे असेन. पूर्वेलाच आहे. कधीही ये.

सप्रेम जय भीम.

तुझा भाऊ,
अनुप